पावसाळ्यातील वराहपालन सल्ला : आफ्रिकन स्वाइन फीवर, रक्ताचा नमुना आणि विषाणूचा जनुकक्रम

कळपातील डुकरे एकाएकी खाणे सोडून निपचित पडू लागली, ताप ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास गेला आणि कान, पोट किंवा मांडीच्या आतली कातडी जांभळट दिसू लागली, तर पावसाळी हवेचा त्रास समजून वाट न पाहता त्याच दिवशी पशुवैद्यकाला कळवावे. आफ्रिकन स्वाइन फीवर आणि नेहमीचा स्वाइन फीवर हे दोन रोग केवळ लक्षणांवरून वेगळे ओळखता येत नाहीत. पहिल्याचा विषाणू डीएनएचा, तर दुसऱ्याचा आरएनएचा आहे, आणि नेहमीच्या स्वाइन फीवरची लस पहिल्या रोगापासून कोणतेही संरक्षण देत नाही. रोगाचे निदान प्रयोगशाळेत, मुख्यतः पीसीआर चाचणीने, म्हणजे नमुन्यातील विषाणूचे जनुकीय द्रव्य शोधणाऱ्या चाचणीने होते. आफ्रिकन स्वाइन फीवर माणसाला होत नाही.

निदान झाल्यावर काही नमुन्यांतील विषाणूचा संपूर्ण जनुकक्रम वाचला जातो, म्हणजेच जिनोम सिक्वेन्सिंग केले जाते. त्यातून आपल्या कळपाला काय लाभ, असा प्रश्न वराहपालकांना पडणे स्वाभाविक आहे. आफ्रिकन स्वाइन फीवरच्या विषाणूचा जनुकसंच डीएनएच्या सुमारे १,७०,००० ते १,९०,००० अक्षरांचा असून तो फार सावकाश बदलतो. पी७२ या प्रथिनाच्या जनुकावरून त्याचे वीसहून अधिक प्रकार मानले गेले. त्यांपैकी दुसरा प्रकार २००७ मध्ये जॉर्जियात आणि २०१८ मध्ये चीनमध्ये पोहोचला. एवढ्या मोठ्या प्रदेशात एकच प्रकार पसरलेला असल्यामुळे त्या एका जनुकावरून लागण कोठून आली हे उमगत नाही. त्यासाठी पूर्ण जनुकक्रमातील बारीक फरक तपासावे लागतात. पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारांच्या संकरातून तयार झालेले विषाणू चीनमध्ये आढळले, तेही असेच लक्षात आले. तेथे सौम्य, रेंगाळणारा आजार देणारे विषाणूही सापडले आहेत, म्हणून डुकरे धडाधड मरत नसली, तरी अधूनमधून येणारा ताप, सांध्यांची सूज आणि वारंवार होणारे गर्भपात दुर्लक्षू नयेत.

मात्र जनुकक्रमाच्या अहवालासाठी थांबून राहू नये. नियंत्रणाची पावले पीसीआरच्या निकालावर, किंबहुना संशय येताच, उचलायची असतात.

नमुना पशुवैद्यकानेच घ्यावा. आजारी जनावराचे रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएच्या नळीत घेतात. मेलेल्या जनावराची प्लीहा, लसिका ग्रंथी आणि टॉन्सिल उपयोगी पडतात. नमुना बर्फावर, गळणार नाही अशा तिहेरी वेष्टनात पाठवावा लागतो, कारण उष्म्यात कुजलेल्या नमुन्यातून पीसीआरचे उत्तर एखादवेळी मिळेल, पण अखंड जनुकक्रम मिळणे अवघड होते. मेलेले डुक्कर स्वतः फाडू नये. त्याच्या रक्तात विषाणू प्रचंड प्रमाणात असतो.

येथे वराहपालकाची नोंदवही फार मोलाची ठरते, आणि माझ्या मते तिच्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. विषाणू सावकाश बदलत असल्याने दोन कळपांतील जनुकक्रम तंतोतंत जुळले, तरी लागण कोणाकडून कोणाकडे गेली हे त्यावरून ठरत नाही. पहिले डुक्कर कधी आजारी पडले, पिल्ले कोणत्या तारखेला आणि कोठून आणली, पैदाशीचा नर कोणाकडून आला, कोणते वाहन आत आले, खाद्य कोठले होते, हे लिहिलेले असेल तरच साखळी जुळते.

पावसाळ्यात चिखल हा मोठा अडथळा असतो, कारण शेण आणि मातीने माखलेल्या बुटांवर जंतुनाशकाचा परिणाम नीट होत नाही. आधी ब्रशने घासून धुवावे, मगच जंतुनाशकात बुडवावे, आणि पावसाचे पाणी मिसळून द्रावण पातळ झाले असल्यास ते बदलावे. खरकटे देणे टाळणेच उत्तम. ते द्यायलाच लागले आणि स्थानिक नियमांनुसार परवानगी असली, तर ९० अंश सेल्सिअसला किमान एक तास सतत ढवळत शिजवावे. मृत जनावरे ओढ्यात किंवा उघड्यावर टाकू नयेत, तर पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली विहिरी आणि प्रवाहांपासून दूर, पाणी न साचणाऱ्या उंच जागी खोल पुरावीत. संशय असेपर्यंत कळपातील एकही डुक्कर, त्याचे मांस किंवा खत बाहेर जाऊ देऊ नये.