बालपणी कॅन्सर झालेल्यांसाठी कायदा व्हावा, म्हणून पाठपुरावा कसा करावा

डॉक्सोरुबिसिन हे कॅन्सरवरचे औषध मुलाचा जीव वाचवते आणि तेच दहा-वीस वर्षांनी त्याच्या हृदयाचे स्नायू कमकुवत करू शकते. सिस्प्लॅटिन या दुसऱ्या औषधामुळे ऐकू कमी येऊ शकते, डोक्याला दिलेल्या रेडिएशनमुळे शिकण्याचा वेग मंदावू शकतो. उपचार संपले तरी डॉक्टरांची गरज संपत नाही. कायद्याचे संरक्षण मात्र बऱ्याच ठिकाणी तिथेच संपते. ते पुढे न्यायचे असेल तर काम या क्रमाने करावे.

१. एकच मागणी निवडा

‘बऱ्या झालेल्या मुलांना सर्वतोपरी मदत मिळावी’ या मागणीला कोणी नाही म्हणत नाही आणि तिच्यातून काही होतही नाही, कारण कोणत्या खात्याने काय करायचे हेच तिच्यात नसते. आयुष्यभराच्या तपासण्यांचा खर्च, विमा आणि कर्जातला भेदभाव, शाळेतल्या सवलती, उपचारांचा लेखी सारांश, यांतले एक घ्या. गटात एकमत होत नसेल तर लेखी सारांशापासून सुरुवात करावी, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. त्याला खर्च फार येत नाही, माहिती रुग्णालयाकडे असतेच आणि बाकीच्या मागण्या त्याच्याच आधारावर उभ्या राहतात. कोणते औषध एकूण किती दिले, रेडिएशन कोणत्या भागाला आणि किती ग्रे (रेडिएशनची मात्रा मोजण्याचे एकक) दिले, हे ठाऊक नसेल तर पुढचा डॉक्टर कोणती तपासणी लिहून देणार? जुन्या फायली कायम जपल्या जातातच असे नाही. तिशीतली बाई आपल्या तिसऱ्या वर्षीचे कागद शोधायला जाते, तोवर ते गेलेले असू शकतात.

२. कायदाच हवा का, ते तपासा

विधेयक ही लांबची वाट आहे. आरोग्य खात्याच्या परिपत्रकाने किंवा विमा नियामकाच्या नियमाने काम भागत असेल तर आधी तेच मागा. खासगी कंपनीवर बंधन घालायचे असेल, किंवा सरकार बदलले तरी हक्क टिकायला हवा असेल, तर कायद्याला पर्याय नाही. विषय कोणत्या सभागृहाच्या अखत्यारीत येतो हेही आधीच पाहा. चुकीच्या दारात वर्षभर फेऱ्या मारणारे गट कमी नसतात.

दुसरीकडचे कायदे वाचून जा. फ्रान्सने २०१६ मध्ये असा नियम केला की, उपचार संपून १० वर्षे झाली असतील आणि आजार उलटला नसेल, तर कर्जाचा विमा घेताना जुना कॅन्सर सांगावा लागणार नाही. लहानपणी आजारी पडलेल्यांसाठी ही मुदत ५ वर्षे ठेवली. २०२२ मध्ये ती सर्वांसाठीच ५ वर्षे झाली. मुलांसाठी मिळालेले कलम पुढे मोठ्यांनाही उपयोगी पडते, हे लोकप्रतिनिधीला सांगण्यासारखे आहे.

३. कलम स्वतः लिहून न्या

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. नमुन्यादाखल हे वाक्य घ्या:

‘वयाच्या १८ वर्षांपूर्वी कॅन्सरचे निदान झालेल्या प्रत्येक व्यक्तीस, तिचे सध्याचे वय काहीही असो, उपचार संपल्यापासून ९० दिवसांच्या आत उपचार करणारे रुग्णालय लेखी सारांश विनामूल्य देईल.’

मसुद्यात नुसते ‘कॅन्सरग्रस्त बालक’ असे लिहिले, तर मूल अठरा वर्षांचे झाले की हक्क गेला. हृदयाचा त्रास तर बहुधा त्यानंतरच डोके वर काढतो. म्हणून वय निदानाच्या वेळचे धरायचे. ‘देईल’च्या जागी ‘देऊ शकेल’ आले की बंधन संपले. हा बदल अनेकदा शेवटच्या फेरीत, भाषा सुधारण्याच्या नावाखाली होतो, म्हणून प्रत्येक नवा मसुदा क्रियापदांसाठी वेगळा वाचावा.

आणखी दोन व्याख्या निसटतात. मेंदूतल्या हळू वाढणाऱ्या काही गाठी कागदावर कॅन्सर ठरत नाहीत, पण त्यांना शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन हेच उपचार असतात. त्यांचा उल्लेख नावानिशी करा. आणि ‘उपचार संपणे’ म्हणजे काय तेही लिहा. वर्षानुवर्षे गोळ्या चालू असणाऱ्याचे उपचार कधीच संपले नाहीत, असा अर्थ काढला तर त्याला काहीच मिळणार नाही.

४. एका पानाचे टिपण

वर मागणी, मग कारण, मग खर्च आणि जबाबदार खाते, खाली संपर्क. आकड्यांची रास नको. जगात दरवर्षी सुमारे ४ लाख मुलामुलींना कॅन्सर होतो, हा जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा संदर्भासाठी पुरे. त्याऐवजी नियमातली एक फट दाखवा. लहानपणी छातीला १० ग्रे किंवा अधिक रेडिएशन मिळालेल्या मुलींची स्तनांची तपासणी २५व्या वर्षापासून किंवा रेडिएशननंतर ८ वर्षांनी, यांतले जे उशिरा येईल तेव्हापासून दरवर्षी व्हावी, असे तज्ज्ञांचे मार्गदर्शन आहे. सर्वसाधारण तपासणी योजना बहुधा ४० किंवा ५०पासून सुरू होतात. २६ वर्षांच्या मुलीचा अर्ज ‘वयात बसत नाही’ म्हणून परत येतो, तो याच फटीमुळे.

५. भेट

लोकप्रतिनिधीला भेटायला तीन जण पुरेत: बरी झालेली एक प्रौढ व्यक्ती, एक डॉक्टर आणि मसुद्याची माहिती असलेला एक जण. १५ मिनिटे मिळतील असे धरा आणि मागणी दुसऱ्याच मिनिटाला सांगा. प्रत्यक्ष भेट सहायकाशी झाली तर नाराज होऊ नका, फाइल पुढे तोच सरकवतो. बोलणाऱ्या व्यक्तीची लेखी संमती घ्या. काय सांगायचे नाही तेही तिच्याशी आधी ठरवा. अपत्यप्राप्ती, आनुवंशिक दोष हे विषय तिने स्वतःहून काढले तरच. लहान मुलाला ‘बघा हा’ म्हणून पुढे उभे करू नये. त्याचा फोटो आयुष्यभर शोधता येतो आणि उद्या नोकरी देणाराही तो पाहतो.

शेवटी थेट विचारा: ‘हे कलम आपण मांडाल का?’ ‘पाहतो’ असे उत्तर आले तर पुढची तारीख मागून घ्या. त्याच दिवशी आभाराचे पत्र पाठवा आणि काय ठरले ते त्यात लिहा.

६. मंजुरीनंतर

इथे बरेच गट थकून थांबतात आणि कायदा कपाटात राहतो. बालपणीच्या कॅन्सरवरील संशोधन आणि बऱ्या झालेल्यांची काळजी यांसाठीचा अमेरिकेचा ‘स्टार’ कायदा २०१८ मध्ये झाला, तेव्हा ५ वर्षांसाठी दरवर्षी ३ कोटी डॉलरपर्यंत खर्चाला मुभा मिळाली. पण मुभा म्हणजे पैसे नव्हेत. त्यासाठी दरवर्षी वेगळी तरतूद करून घ्यावी लागते. २०२३च्या जानेवारीत त्याचे नूतनीकरण झाले, तेही मागे लागल्यामुळे. म्हणून अर्थसंकल्पाच्या काही महिने आधीच आकड्यासह पत्र द्या, नियमावलीच्या मसुद्यावर हरकती-सूचनांची मुदत चुकवू नका, आणि कायदा मुदतीचा असेल तर नूतनीकरणाचा मसुदा किमान दीड वर्ष आधी तयार ठेवा.