होल व्हीट ब्रेड बसला तर लगेच यीस्ट वाढवू नका

मैद्याचा ब्रेड जमायला लागला, बन मऊ होतायत, घरचे मागून खातायत, आणि आता वाटतंय की जरा हेल्दी काहीतरी करू, पूर्ण गव्हाच्या पिठाचा ब्रेड करू... तुम्ही इथवर आला असाल तर हे तुमच्यासाठीच लिहितेय. कारण मी बरोब्बर इथेच चार महिने अडकले होते. दर रविवारी एक ब्रेड, आणि दर रविवारी तोच प्रकार. टिनमध्ये छान फुगलेला गोळा ओव्हनमध्ये गेला की मधोमध खड्डा, कापला की भुसभुशीत, सुरीबरोबर चुरा पडणारा. चौथ्या महिन्यात मी ओव्हनसमोर बसून खरंच रडलेय. आज ब्रेड नीट होतो, तरी ओव्हनचा दिवा लावून आत बघताना छातीत धडधडतंच.

मळायचं कसं, टिनला तेल लावायचं, ओव्हन आधी तापवायचा वगैरे तुम्हाला येतं असं धरून चालते.

माझं प्रमाण काही चुकीचं नव्हतं. 500 ग्रॅम गव्हाचं पीठ, 380 ग्रॅम पाणी, 10 ग्रॅम मीठ, 5 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, थोडं तेल, थोडा मध. आजही जवळपास हेच वापरते. चुकला तो माझा अंदाज. बसका ब्रेड बघितला आणि मी ठरवून टाकलं की पीठ जड आहे, यीस्टची ताकद कमी पडतेय. ज्या क्लासला मी गेले होते तिथेही विचारलं, तिथे एका वाक्यात उत्तर मिळालं, यीस्ट वाढवा. मग 5 चे 8 केले, 8 चे 10, शेवटी 14 ग्रॅमपर्यंत गेले. आणि ब्रेड आणखी बसत गेला.

हाच तो सापळा, म्हणून यावर जरा जास्तच बोलणारे.

कमी फुगलेला ब्रेड आणि जास्त फुगून कोसळलेला ब्रेड, दोन्ही खाताना जडच लागतात. पण दोघांचा उपाय एकदम उलटा आहे. पहिल्याला वेळ वाढवून द्यायचा असतो, दुसऱ्याचा वेळ कमी करायचा असतो. माझा दुसऱ्या प्रकारचा होता, आणि मी यीस्ट वाढवून त्याला आणखी लवकर कोसळायला लावत होते.

गव्हाच्या पूर्ण पिठात कोंडा असतो, अंकुराचा भाग असतो. त्यामुळे यीस्टला लागणारी खनिजं आणि स्टार्चची साखर करणारी एन्झाइम्स मैद्यापेक्षा जास्त असतात, म्हणजे हा गोळा मैद्यापेक्षा लवकर आंबतो. आणि त्याच वेळी कोंड्याचे कण ग्लुटेनच्या, म्हणजे गव्हातल्या प्रथिनांच्या, जाळीत मध्ये मध्ये येऊन तिला कमजोर करतात, म्हणजे गॅस धरून ठेवायची ताकद कमी. थोडक्यात गॅस लवकर तयार होतो आणि फुगा पातळ आहे. आणि आपण वाट बघतोय ‘दुप्पट होईपर्यंत’, कारण रेसिपीत तसं लिहिलंय. हा गोळा पुष्कळदा दुप्पट होतच नाही हो. दीडपट, फार तर पावणेदोन पट, आणि तिथेच थांबायचं असतं. मी मात्र दुप्पटसाठी अजून अर्धा तास, अजून वीस मिनिटं करत बसायचे.

त्यातून पसरट भांड्यात गोळा आडवा पसरतो, मग दुप्पट झालं की नाही हे डोळ्यांना कळतच नाही. माझं म्हणणं ऐका, मळून झालं की गोळ्यातला 40-50 ग्रॅमचा तुकडा एका सरळ उभ्या काचेच्या छोट्या ग्लासात दाबून भरा, वरच्या रेषेवर रबरबँड लावा आणि ग्लास मोठ्या भांड्याला चिकटून ठेवा. लांब ठेवला तर छोटा तुकडा खोलीच्या हवेने लवकर गरम किंवा गार होतो आणि फसवतो. ग्लासात दीडपट दिसलं की पुढच्या कामाला लागा, घड्याळ काही का म्हणेना.

आता बसलेला ब्रेड ओळखायचा कसा. जास्त आंबलेला असेल तर वरचा भाग सपाट किंवा खचलेला, वास आंबूस, थोडा दारूसारखा, आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे रंग फिकट, कारण कवच तपकिरी व्हायला जी साखर लागते ती यीस्टने आधीच संपवलेली असते. कमी फुगलेला असेल तर तळाशी दाट चिकट थर, वर मध्येच एखादं मोठं भोक, आणि बाजूने फाटलेला, कारण उरलेली सगळी ताकद ओव्हनमध्ये एकदम बाहेर येते. माझ्या वहीत ओळीने सोळा ब्रेडच्या नोंदी होत्या आणि त्यातल्या बहुतेक ठिकाणी मी ‘रंग आला नाही’ असं स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. मी त्यावरून ओव्हनचं तापमान वाढवत बसले.

हे मला उलगडून दिलं ते एका बेकरीत आयुष्य घालवलेल्या आजोबांनी. त्यांनी स्लाइस हातात घेतली, वास घेतला आणि एवढंच विचारलं, मळून झाल्यावर गोळा किती गरम होता? मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून माझं ठाम मत झालंय की जो माणूस प्रश्न न विचारता थेट ‘हे वाढवा ते कमी करा’ सांगतो त्याच्याकडे शिकू नये, मग तो कितीही नावाजलेला असो.

गोळ्याचं तापमान 24 ते 26 अंश सेल्सिअस ठेवा. हाताने मळत असाल तर हिशोब सोपा आहे, 25 ची तिप्पट 75, त्यातून खोलीचं आणि पिठाचं तापमान वजा करायचं, उरेल तेवढं पाण्याचं तापमान. खोली 30, पीठ 30, तर पाणी 15 अंश, म्हणजे चक्क गार. मशीनमध्ये घर्षणाने गोळा आणखी तापतो, तेव्हा पाणी अजून गार घ्या. मी ‘यीस्टला कोमट पाणी’ हे वाक्य डोक्यात घट्ट धरून उन्हाळ्यातही कोमट पाणी घालत होते. इन्स्टंट यीस्टला त्याची गरज नाही, ते सरळ पिठात मिसळतं.

घाबरू नका, हे वाचायला जितकं वाटतं तितकं अवघड नाहीये. थर्मामीटर आणि वजनकाटा, एवढ्या दोन गोष्टी घ्या. कपाने पीठ मोजणं मात्र सोडा, प्लीज. दाबून भरलेला कप आणि हलका भरलेला कप यात सहज 20-30 ग्रॅमचा फरक पडतो, मग आज जमलेला ब्रेड उद्या का नाही जमला हे कधीच कळणार नाही.

कोंड्यासाठी अजून एक गोष्ट जी मला फार उशिरा कळली. पीठ आणि पाणी नुसतं कालवून अर्धा पाऊण तास झाकून ठेवा, यीस्ट मीठ नंतर. कोंडा पाणी सावकाश पितो, त्याला तेवढा वेळ दिला की मऊ होतो आणि ग्लुटेनची जाळी न मळताच जुळायला लागते. फ्रेंच बेकर रेमाँ काल्व्हेल यांनी ही पद्धत रुजवली, तिला ऑटोलिझ म्हणतात. सुरुवातीला हाताला चिकटेल, पण वरून कोरडं पीठ भुरभुरवत बसू नका, थांबा, पंधरा मिनिटांत तोच गोळा वेगळा लागतो.

शॉर्टकटबद्दल. न मळता रात्रभर ठेवायची पद्धत, जी अमेरिकन बेकर जिम लेही यांच्यामुळे 2006 मध्ये घराघरात पोचली, ती चांगलीच आहे, पण त्यात यीस्ट चिमूटभर असतं म्हणून बारा-अठरा तास चालतं. नेहमीचं यीस्ट घालून रात्रभर बाहेर ठेवाल तर सकाळी आंबट लगदा मिळेल. विकतचं सुकं ग्लुटेन घालणं मला स्वतःला आवडत नाही, ब्रेड उंच होतो पण चिवट लागतो, आणि आपलं नेमकं काय चुकतंय ते झाकलं जातं. सुरुवातीला त्यापेक्षा 30 टक्के गव्हाचं पीठ आणि बाकी मैदा असं करा, मग 50, मग पुढे. यात कमीपणा काही नाही. राय या धान्याचं पीठ इतक्यात नको, त्याचं ग्लुटेन गव्हासारखं जुळत नाही, ते शास्त्र वेगळंच आहे. ओट्स घालायचे तर भिजवून, पिठाच्या 15-20 टक्क्यांपर्यंत.

बनसाठी थोडं पीठ पाचपट पाण्यात 65 अंशांपर्यंत ढवळत शिजवून, गार करून, तो लगदा गोळ्यात घाला, स्टार्च पाणी धरून ठेवतो आणि गव्हाचे बनसुद्धा दोन दिवस मऊ राहतात. तो लगदा गरम असताना घालू नका एवढंच, परत तापमानाचा घोळ.

टिनमध्ये दुसऱ्यांदा फुगताना बोटाला पीठ लावून हलकेच टोचा. खड्डा लगेच भरला तर वेळ आहे, हळूहळू अर्धवट भरला तर ओव्हनमध्ये टाका, भरलाच नाही तर उशीर झाला. उशीर झाला तरी हातपाय गाळू नका, गोळा काढून हवा दाबा, परत आकार द्या आणि या वेळी त्याच्यासमोरून हलू नका, लवकर फुगेल. भाजताना 190-200 अंश, साधारण 40 मिनिटं, मधोमध 95 अंश आले की झाला. गरम कापू नका, आत स्टार्च अजून बसत असतो, निदान दोन तास द्या. आणि फ्रीजमध्ये अजिबात नको, तिथे ब्रेड लवकर शिळा होतो, स्लाइस करून फ्रीझरमध्ये ठेवा.

बसलेला ब्रेड फेकायचाही नाही, 150 अंशांवर सुकवून त्याचा चुरा छान होतो. फक्त चुरा करायच्या आधी एक स्लाइस कापा, वास घ्या, कवचाचा रंग बघा आणि गोळ्याच्या तापमानाशेजारी वहीत लिहा.