कळलावी लावायचीय? मग मे महिन्यातच तयारीला लागा

पाऊस पडल्यावर कळलावीच्या वेलीसाठी धावपळ करून काही होत नाही, जे काही करायचं ते मे संपायच्या आत. सगळ्यात आधी कंद, आणि तो नर्सरीतूनच घ्यायचा, सह्याद्रीत कुठल्या कुंपणावर फुललेली दिसली म्हणून उकरून आणायची नाही, औषधासाठी कंद खणून खणून जंगलातली आधीच कमी झालीय. कंद घेताना टोकं बघा प्लीज. आकार नांगरासारखा असतो, संस्कृतात लांगली म्हणतात ते त्यामुळेच, आणि कोंब फक्त टोकाला येतो. टोक मोडलं तर बाकी कंद कितीही जाडजूड असू दे, तिथून काही उगवत नाही. माझा एक सुंदर कंद पिशवीतून आणताना असाच गेला, तेव्हापासून मी पेपरात गुंडाळून डब्यातनं आणते.

हातमोजे घाला, नंतर हात साबणाने धुवा. अख्खं झाड विषारी आहे, कोल्चिसिन नावाचं विष असतं त्यात, कंदात तर भरपूर, आणि दिसायला तो रताळ्यासारखा, त्यामुळे किचनच्या आसपास ठेवूच नका, कुंडीवर मोठ्या अक्षरात नाव लिहा. घरात लहान मुलं किंवा कुत्रं-मांजर असेल तर सरळ राहू द्या, दुसरं काही लावा.

कुंडी 14 इंची तरी हवी, खालची भोकं मोकळी. दोन भाग लाल माती, एक भाग जाड वाळू, एक भाग जुनं शेणखत. पाणी साचलं की कंद कुजतो, दुष्काळात मरत नाही तो पाण्याने मरतो. कंद आडवा ठेवून वर दोन-तीन इंच माती.

आणि आधार आत्ताच उभा करा हां, कोंब आल्यावर नाही, कारण कोंब इतका ठिसूळ असतो की काठी रोवताना जरासा धक्का लागला तरी तुटतो आणि मग ते वर्ष बहुतेक गेलंच. ही वेल पानांच्या टोकांनी धरून चढते, टोक दोऱ्यासारखं वळतं, म्हणून जाड बांबू तिला पकडता येत नाही, सुतळी, बारीक जाळी नाहीतर तुरीच्या काटक्या द्या.

काळ्या अंगावर लाल-पांढरे ठिपके असलेल्या अळ्या येतात, दोन दिवसांत पानं फस्त करतात, रोज सकाळी बघून हाताने काढायच्या.

घरात लावली की भांडणं लागतात असं सांगणारे भेटतील, माझ्याकडे पाच वर्षं आहे, आम्ही सगळे मजेत आहोत. पिवळ्या-हिरव्या पाकळ्या लाल होत जातात ना, ते बघायला मी रोज चहा घेऊन तिथेच उभी असते.

दिवाळीच्या सुमाराला वेल पिवळी पडून वाळते. मेली समजून कुंडी रिकामी करू नका, पाणी पूर्ण बंद करा आणि कुंडी पुढच्या मेपर्यंत सावलीत सरकवून ठेवा.