नेट गेलं की स्वतःच्याच कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर उघडत नाही? बिघाड असा शोधा

वाचनालयात दुपारी लाइट गेली. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर होता, तो चालू राहिला. राउटर साध्या प्लगवर, तो बंद. पाच मिनिटांत ग्रंथपाल मॅडमचा फोन : "सर, नेट गेलंय, पुस्तकं देता येत नाहीयेत." देवघेवीचं सॉफ्टवेअर आणि त्याचा सगळा डेटा त्याच कॉम्प्युटरच्या हार्डडिस्कवर. मग नेटचा संबंध आला कुठून?

डेस्कटॉपवरच्या आयकॉनमधून. सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्याने शॉर्टकटमध्ये आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरची ओळख सांगणारा आकडा, टाकला होता १९२.१६८.१.७. हा पत्ता कॉम्प्युटरचा वाटतो, पण असतो नेटवर्क कार्डाचा, आणि बहुतेक वेळा राउटरने मुदतीवर दिलेला. पलीकडचा राउटर बंद पडला की विंडोजच्या लेखी केबल उपटलेलीच असते आणि तो पत्ता वापरातून जातो. पत्ता कायमचा, म्हणजे स्टॅटिक, करून ठेवला तरी केबल मेल्यावर तोही चालत नाही. "आयपी फिक्स करून टाका" हा सल्ला इथे म्हणूनच निरुपयोगी.

कॉम्प्युटरचा खरा स्वतःचा पत्ता एकच : १२७.०.०.१, म्हणजेच लोकलहोस्ट. त्याला कार्ड लागत नाही, केबल लागत नाही, वायफायही लागत नाही. खरं तर १२७ ने सुरू होणारे सगळेच पत्ते, जवळपास १ कोटी ६७ लाख, याच कामासाठी राखून ठेवलेले आहेत. वापरतो आपण त्यातला एक.

आता क्रमाने शोधू. कमांड आणि आकडे टाइप करताना कीबोर्ड इंग्रजीवर ठेवा.

पहिली पायरी : सर्व्हिस, म्हणजे पडद्यामागे चालणारा प्रोग्राम, चालू आहे का? विंडोजची की आणि आर दाबून 'सर्व्हिसेस डॉट एमएससी' उघडा. यादीत तुमचा डेटाबेस किंवा वेब सर्व्हर शोधा, म्हणजे मायएसक्यूएल, अपाचे, जे असेल ते. समोर 'रनिंग' हवं. सकाळी राउटर बंद असतानाच कॉम्प्युटर सुरू केला असेल तर इथेच गोम सापडू शकते. सर्व्हिसला ठराविक पत्त्यावरच बसायला सांगितलेलं असेल आणि तो पत्ताच जागेवर नसेल, तर ती सुरूच होत नाही.

दुसरी : कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग लिहून पुढे १२७.०.०.१ द्या. चार उत्तरं ताबडतोब यायला हवीत. ती न येण्याचा प्रसंग विरळाच.

तिसरी पायरी सगळ्यात महत्त्वाची. नेटस्टॅट लिहा, एक जागा सोडा, मग उणे चिन्हाला चिकटून ए, एन, ओ ही छोटी अक्षरं. लांबलचक यादी येईल. घाबरू नका, फक्त 'लिसनिंग' लिहिलेल्या ओळी बघायच्या. 'लोकल ॲड्रेस'च्या रकान्यात कोलनच्या पुढे पोर्टचा, म्हणजे त्या सर्व्हिसच्या दाराचा, नंबर असतो. वेब सर्व्हरचा सहसा ८०, मायएसक्यूएलचा ३३०६. कोलनच्या अलीकडे काय आहे, त्यावरून निदान होतं.

०.०.०.० असेल तर सर्व्हिस सगळ्या पत्त्यांवर ऐकते आहे, आणि १२७.०.०.१ असेल तर फक्त घरातल्या घरात. दोन्ही बाबतींत नेट नसताना अडचण यायला नको. चूक शॉर्टकटमध्ये किंवा सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये आहे. तिथला पत्ता बदलून १२७.०.०.१ करा. आमच्या वाचनालयात एवढंच करावं लागलं. १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर सर्व्हिस त्या एकाच पत्त्याला बांधलेली आहे; मग सर्व्हिसच्या सेटिंगमधला पत्ताही १२७.०.०.१ करा. मात्र ही तपासणी नेट चालू असताना करा, कारण नेट गेल्यावर तो पत्ताच नाहीसा झालेला असतो. शेवटच्या रकान्यातला आकडा, म्हणजे चालू प्रोग्रामचा नंबर (पीआयडी), टास्क मॅनेजरच्या 'डिटेल्स'मध्ये जुळवून बघा. कधी कधी ८० नंबरवर भलतंच काहीतरी बसलेलं असतं.

चौथी : नाव. आकडा टाकून उघडतं आणि 'लोकलहोस्ट' लिहून उघडत नाही, असं झालं तर कॉम्प्युटर नव्या पद्धतीचा पत्ता, आयपीव्ही६, धरतो आहे आणि सर्व्हिस फक्त जुन्यावर ऐकते आहे, अशी दाट शक्यता. आकडाच वापरा, वाद मिटला. तुम्ही वेगळंच नाव ठेवलं असेल तर ते होस्ट्स फाइलमध्ये, म्हणजे कुठल्या नावाचा पत्ता कुठला हे सांगणाऱ्या विंडोजच्या फाइलमध्ये, १२७.०.०.१ समोर लिहा. नोटपॅड 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'ने उघडा, नाहीतर फाइल सेव्ह होणार नाही. आणि नोटपॅड शेपटीला टीएक्सटी जोडत नाही ना, ते बघा. या शेपटीपायी माझी एक अख्खी संध्याकाळ गेली आहे.

पान उघडतं, पण बटणं वेडीवाकडी आणि चित्रं गायब? मग सर्व्हर निर्दोष. फॉन्ट आणि आयकॉन बाहेरच्या संकेतस्थळावरून ओढले जाताहेत. त्या फाइली स्थानिक फोल्डरमध्ये घ्यायला बनवणाऱ्याला सांगा.

सॉफ्टवेअर हट्टी असेल आणि १२७ चा पत्ता घेतच नसेल, तर विंडोजमध्येच एक खोटं नेटवर्क कार्ड बसवता येतं. डिव्हाइस मॅनेजर उघडा, 'ॲक्शन'मध्ये 'ॲड लेगसी हार्डवेअर', मग यादीतून 'नेटवर्क ॲडॅप्टर्स', त्यात मायक्रोसॉफ्टचं 'केएम-टेस्ट लूपबॅक ॲडॅप्टर'. त्याला १०.१०.१०.१० असा, राउटरच्या मालिकेत नसलेला पत्ता द्या. गेटवेची जागा रिकामी ठेवा. या कार्डाला केबलच नाही, त्यामुळे ती तुटण्याचा प्रश्न नाही. सॉफ्टवेअरला हाच पत्ता द्या.

हे सगळं एकट्या कॉम्प्युटरपुरतं. दुसऱ्या टेबलावरचा कॉम्प्युटरही याच डेटावर चालत असेल तर १२७ चा उपयोग नाही, कारण त्याच्या दृष्टीने १२७.०.०.१ म्हणजे तो स्वतः. तिथे मी साधा पाच पोर्टचा स्विच, म्हणजे पाच केबल एकमेकींना जोडणारी डबी, घेऊन इन्व्हर्टरवर लावतो, दोन्ही कॉम्प्युटर त्याला जोडतो आणि दोघांना कायमचे पत्ते देतो. राउटर त्या स्विचचा पाहुणा. आला काय, गेला काय.

दुरुस्ती झाल्यावर चाचणी मात्र खरी घ्या. केबल काढा, वायफाय बंद करा, कॉम्प्युटर रीस्टार्ट करा आणि मगच आयकॉनवर क्लिक करा. रीस्टार्ट न करता घेतलेली चाचणी धरू नका, कारण आधीपासून चालू असलेली सर्व्हिस तशीच चालत राहते आणि बिघाड दिसतो तो दुसऱ्या दिवशी सकाळी, वाचक रांगेत उभे असताना.