वजनाच्या ऑपरेशनआधी आणि नंतर : आपल्याच गावात सोबती कसे शोधावेत

माझी स्लीव्हची, म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठर लहान करण्याची, शस्त्रक्रिया पुण्यात झाली, पण खरी परीक्षा सुरू झाली साताऱ्यात, घरच्या ओट्यापाशी. आहाराच्या कागदावर तिसऱ्या आठवड्यासमोर ‘प्युरी’ (मिक्सरमधून घोटलेलं अन्न) असं लिहिलं होतं. सासूबाईंनी ते मोठ्यानं वाचलं आणि म्हणाल्या, “पुरी? इतक्यात?” हसताना टाके ओढले गेले.

पुढचे पाच महिने बारीकसारीक शंकांसाठी मी पुण्याला फोन लावत होते. वरण किती घोटायचं, चतुर्थीला काय खायचं, पंगतीत वाढणाऱ्याचा हात कसा अडवायचा. डाएटिशियन उत्तरं द्यायच्या, पण त्यांच्या पानात कुणी आग्रहानं दुसरी पुरणपोळी टाकत नव्हतं. मग कळलं की दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या एका ताईंचं हेच ऑपरेशन तीन वर्षांपूर्वी झालंय. इतके दिवस पत्ता लागला नाही, कारण त्यांनी सगळीकडे ‘हर्नियाचं ऑपरेशन’ असं सांगितलं होतं. मीही तेच सांगितलं होतं!

सोबती शोधताना मुख्य अडचण हीच. माणसं गावात असतात, पण लपून असतात. “तोंडावर ताबा नाही, म्हणून पोट कापून आली” हे कुणाला ऐकायचं असतं? म्हणून शोधायची रीतही जरा निराळी.

१. तारीख पक्की करण्याआधी निदान एकाला भेटा

स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. तो परत जोडता येत नाही. त्यामुळे अनुभवी माणसाशी बोलणं आधीच व्हायला हवं. सर्जनकडे बहुधा एक कोऑर्डिनेटर असते. तिला विचारा, “तुमच्या पेशंटांची बैठक कधी असते? मला ऑपरेशनआधी येऊन बसता येईल का?” बऱ्याच ठिकाणी अशा बैठका होतात आणि नव्या माणसाला बसू देतात.

बैठकीत बोलायला मात्र बहुतेक वेळा ‘स्टार’ पेशंट असतात, पन्नास किलो उतरवलेले, नव्या कपड्यांतले. त्यांचं कौतुक करा, पण मागणी वेगळी करा. आपलंच ऑपरेशन झालेला माणूस मागा, कारण स्लीव्हनंतर छातीत जळजळ जास्त छळते, तर बायपासनंतर (यात जठराचा छोटा कप्पा करून तो थेट आतड्याला जोडतात) गोड खाल्ल्यावर घाम, धडधड आणि जुलाब. आपल्या भागातला मागा. आणि ऑपरेशनला तीन वर्षं तरी झालेला मागा. तीन महिन्यांचे दहा उत्साही पेशंट एकीकडे आणि चार वर्षं झालेली, मध्ये थोडं वजन परत वाढलेली एक बाई एकीकडे, असं असेल तर मी त्या बाईकडे जाईन.

दवाखान्याकडे कुणाचा नंबर मागू नका. तो त्यांनी देऊही नये. आपला नंबर ठेवून या आणि म्हणा, “ज्यांना चालेल त्यांनी मला फोन करावा.” पुढची सगळी शोधाशोध याच युक्तीवर चालते.

२. पहिल्या भेटीत काय विचाराल

“किती किलो गेलं?” हा प्रश्न सगळेच विचारतात आणि त्यातून फारसं काही हाती लागत नाही. त्याऐवजी विचारा : पहिल्या महिन्यात घरी कोण होतं? ऑफिसात काय सांगितलं? उलटी कशानं झाली? केस कधी गळायला लागले आणि कधी थांबले? (बहुतेकांचे तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात गळतात. हे आधी माहीत असलं की कंगवा बघून रडू येत नाही. कमी येतं म्हणू.) दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं घरच्या जेवणातून कशी भरता? गोळ्यांचा महिन्याचा खर्च किती? बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व हा खर्च कायमचा आहे, आणि ऑपरेशनच्या अंदाजपत्रकात तो नसतो.

विमा असेल तर त्याबद्दलही विचारा. पॉलिसीत साधारणपणे बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती, याचा आकडा) ४० किंवा जास्त, अथवा ३५ आणि सोबत आटोक्यात न येणारा मधुमेह किंवा झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास, अशी अट असते. कोणता कागद कमी पडला म्हणून फाईल परत आली, हे ज्यानं क्लेम केलाय तोच नेमकं सांगतो.

३. गावात माणसं हुडकताना

दवाखाना दूरच्या शहरात असेल तर गावातल्या चार ठिकाणी आपली चिठ्ठी ठेवा : मधुमेहाचे डॉक्टर, स्त्रीरोगतज्ज्ञ (पीसीओडी या बीजकोशांच्या त्रासामुळे वजन वाढलेल्या कितीतरी मुली तिथे येतात), आहारतज्ज्ञ आणि ऑपरेशननंतरच्या गोळ्या, प्रोटीन पावडर मागवून देणारा मेडिकलवाला. या शेवटच्या माणसाला कमी लेखू नका. आमच्या गटातले दोघे त्याच्याकडूनच आले.

चिठ्ठीत आजाराचं नाव ठळक नको. मी लिहिलं होतं : ‘वजनाचं ऑपरेशन झालेल्या किंवा करायचं ठरवणाऱ्या व्यक्तींशी बोलायला आवडेल. नाव सांगायची गरज नाही.’ खाली फक्त नंबर. ‘बायपास’ शब्द मुद्दाम टाळला, कारण तो ऐकला की लोक थेट हृदयाची चौकशी करतात. आमच्या गटातल्या एका काकांना तर गावाकडून नारळपाणी घेऊन माणसं भेटायला आली होती.

दीड महिन्यात मला तीन फोन आले. तिघंही पुरतात.

४. बैठक लहान ठेवा, नियम थोडे पण पक्के

जागा अशी निवडा जिथे खाणं समोर येणार नाही. हॉटेल, कॅफे नको. वाचनालयाची खोली, ज्येष्ठ नागरिक संघाचा कट्टा, बाग, काहीही चालेल. आम्ही महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी साताऱ्यातल्या ‘चार भिंती’ या स्मारकापाशी भेटतो आणि ज्यांचे गुडघे साथ देतात ते पुढे अजिंक्यतारा किल्ल्याकडे चालायला जातात. वार आणि वेळ बदलू नका. “या महिन्यात कधी जमेल?” असं विचारायला लागलं की गट मोडलाच म्हणून समजा.

पहिला नियम, वजनाचा आकडा जाहीर सांगायचा नाही. दोन वर्षांनंतर काही किलो परत येणं अनेकांच्या वाट्याला येतं, आणि आकडे सांगायची प्रथा असलेल्या गटातून नेमकी तीच माणसं गुपचूप गळतात, ज्यांना गटाची तेव्हा सगळ्यात जास्त गरज असते. दुसरा नियम, इथलं बोलणं इथेच. लहान गावात हा नियम एकदा जरी मोडला, तरी पुढच्या बैठकीला रिकामा कट्टा. तिसरा, काही विकायचं नाही. पावडर, शेक, चहा घेऊन कुणीतरी येतंच. नव्या लोकांना एकाच सर्जनकडे पाठवण्याची कुणाला फार घाई दिसली, तर त्यामागे काय आहे हे सरळ विचारावं.

व्हॉट्सॲपचा गट फक्त निरोपापुरता ठेवा. आधीचे-नंतरचे फोटो सुरू झाले की तुलना सुरू होते आणि रात्री अकराला कुणीतरी आरशासमोर उभं राहून स्वतःला नावं ठेवत बसतं.

५. घरच्यांना एकदा तरी आणा

पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रानं दारू सोडणाऱ्यांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ गट चालवला. व्यसन आणि वजन एक नाही, पण घरातल्या माणसालाही स्वतःचा गट लागतो, ही गोष्ट मला तिथून पटली. माझ्या सासूबाई एका बैठकीला आल्या. तिथे बायपास झालेल्या एका दादांनी अर्ध्या कंदी पेढ्यानं काय गत झाली ते सांगितलं. घाम, धडधड, आणि मग तासभर आडवं पडणं. मी वर्षभर समजावून जे झालं नव्हतं ते त्या अर्ध्या पेढ्यानं केलं. आता पाहुण्यांना त्याच सांगतात, “तिला आग्रह करू नका. आणि जेवताना पाणीही देऊ नका, अर्ध्या तासानं पिते ती.”

६. गटाला काय विचारायचं नाही

इथे मी जरा कडक बोलणार आहे. ऑपरेशननंतरच्या दिवसांत ताप, नाडी जोरात चालणं, दम लागणं, पोटात किंवा खांद्यात वाढत जाणारी कळ असेल, तर गटावर मेसेज टाकायचा नाही, दवाखाना गाठायचा. उलट्या थांबतच नसतील तर “मलाही व्हायच्या” हे उत्तर घातक आहे, कारण त्यातून बी-१ जीवनसत्त्व कमी पडून मेंदू आणि नसांना इजा होऊ शकते. मधुमेहाच्या गोळ्या कमी करणं, अंगदुखीवर मनानं गोळी घेणं (बायपासनंतर काही वेदनाशामकांनी अल्सर होऊ शकतो), गर्भधारणेचं नियोजन, हे प्रश्न डॉक्टरांचेच. मूल होऊ देण्याआधी साधारण १२ ते १८ महिने थांबायला सांगतात, तेही आपल्या डॉक्टरांकडून समजून घ्या.

दारूचं वेगळं सांगते, कारण बैठकीत हा विषय कुणी आपणहून काढत नाही. ऑपरेशननंतर ती लवकर आणि जोरात चढते आणि काहींचं पिणं दुसऱ्या वर्षापासून वाढत जातं. तशी शंका आली तर अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या बैठका मराठीतूनही होतात. मन फारच खचलं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

७. दुसऱ्या वर्षानंतर

पहिल्या वर्षी सगळे उत्साहानं येतात. वजन उतरत असतं, जुने ड्रेस अल्टर करायला टाकलेले असतात. मग उतार थांबतो, भूक हळूहळू परत जाणवू लागते आणि माणसं यायची बंद होतात. आम्ही त्यावर एक साधा उपाय काढला. वर्षाच्या रक्ततपासणीला सगळे एकाच सकाळी, उपाशीपोटी, एकाच लॅबमध्ये जातो. बैठकीला दांडी मारणारेही त्या दिवशी येतात, कारण तपासणी तशीही करायचीच असते. मागच्या वेळी आम्ही सात जण होतो. नंतर कट्ट्यावर डबे उघडले, एकेक उकडलेलं अंडं निघालं आणि ते संपवायला आम्हाला वीस मिनिटं लागली. शेजारच्या बाकावरचे आजोबा शेवटी न राहवून म्हणाले, “अंडं खराब आहे का हो?”