रिकाम्या होस्टवर व्हीएम सुरूच होईना: फेलओव्हर होस्ट बदलताना आलेला माझा अनुभव

लक्षण असं: व्हीस्फिअर क्लस्टरमधला (व्हीएमवेअरच्या या प्रणालीने एकत्र बांधलेल्या सर्व्हरच्या गटातला) एक होस्ट, म्हणजे व्हीएम चालवणारा सर्व्हर, निरोगी, जोडलेला आणि पूर्ण रिकामा. तरी त्यावर एकही व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने बनवलेला संगणक) पॉवर-ऑन होत नव्हता, व्हीमोशनने (चालू व्हीएम दुसऱ्या होस्टवर हलवायची सोय) पाठवताही येत नव्हता. होस्टांमध्ये कामाचा भार आपोआप वाटणारं डीआरएस तर त्याच्याकडे वळतच नव्हतं.

व्हीमोशनचं नेटवर्क, डेटास्टोअर (व्हीएमच्या फाइली ठेवायची जागा), दोन्ही ठीक निघाले. होस्ट बंद पडल्यास त्याचे व्हीएम दुसरीकडे सुरू करणाऱ्या एचए या सोयीचा एजंट पुन्हा कॉन्फिगर केला, होस्ट मेंटेनन्स मोडमध्ये नेऊन परत आणला. फरक शून्य. फार वैताग आला.

खरं कारण ॲडमिशन कंट्रोलमध्ये, म्हणजे बिघाडासाठी क्षमता राखून ठेवणाऱ्या एचएच्या सेटिंगमध्ये होतं. क्लस्टर उभारताना हा होस्ट ‘डेडिकेटेड फेलओव्हर होस्ट’ म्हणून नेमलेला होता. अशा होस्टची क्षमता बिघाडासाठीच राखून ठेवली जाते, म्हणून एरवी त्यावर काम येऊच दिलं जात नाही.

आता या जुन्या होस्टऐवजी राखीव होस्टची जागा एका नव्या होस्टला द्यायची होती. हा क्रम लागू पडला:

१. नव्या होस्टवरचे व्हीएम आधी इतरत्र हलवले.
२. क्लस्टर निवडून कॉन्फिगर → व्हीस्फिअर अव्हेलेबिलिटी → एडिट → ॲडमिशन कंट्रोल उघडलं.
३. डेडिकेटेड फेलओव्हर होस्ट्सच्या यादीत नवा होस्ट जोडला.
४. त्यानंतरच जुना काढला, ओके केलं.
५. जुन्यावर एक चाचणीचा व्हीएम पाठवला. लगेच गेला.

राखीव होस्ट निवडताना तो क्लस्टरमधल्या सगळ्यात मोठ्या होस्टइतका तरी असावा, हे मी आवर्जून सांगेन. तो अपुरा पडला तर एचए इतर होस्टवर प्रयत्न करतं खरं, पण तिथे तेव्हा जागा असेलच असं नाही.