पिठोरा शूट करायला निघालात? या चुका टाळा

होळी जवळ आली की बडोद्यातल्या कॅमेरेवाल्या पोरांचे फोन सुरू होतात. "काका, कवांटच्या मेळ्याला चाललोय, जाता जाता एखादं पिठोऱ्याचं घर मिळेल का?" पिठोरा म्हणजे राठवा आदिवासींच्या घरातल्या भिंतीवरचं देवांचं, घोड्यांचं नवसाचं चित्र. ते करणाऱ्या परेश राठवांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हापासून फोन जरा जास्तच. जाता जाता काही मिळत नाही, बाबांनो. कवांटचा हा छोटाउदेपूर जिल्हा बडोद्याहून शंभरेक किलोमीटरवर आहे म्हणून तो पिकनिकचं ठिकाण होत नाही.

सगळ्यात मोठी चूक घरी परतल्यावर, एडिटिंगला बसल्यावर होते. ती मी स्वतः केलेली आहे. राठवा लोक पिठोरा काढत नाहीत, लिहितात. लिहिणारा तो लखारा. नवस फेडायला ओसरीची भिंत लिंपायची, रंगात दूध आणि मोहाची दारू घालायची, मग लिहायचं. लिहून झालं की बडवो, म्हणजे त्यांचा पुजारी, अंगात आलेलं असताना भिंतीवरचा एकेक देव, एकेक घोडा ओळखून सांगतो. काही राहिलं असेल तर लखारा ते तिथंच पुरं करतो.

या सगळ्याचं माझ्याकडे चाळीस मिनिटांचं फुटेज होतं. मी ते पन्नास सेकंदांवर आणलं, वर बासरीचा तयार ट्रॅक चढवला आणि टायटलला जागा हवी म्हणून एक शॉट आरशातल्यासारखा उलटा फ्लिप केला. पंधरा दिवसांनी लॅपटॉप घेऊन त्याच ओसरीत जाऊन बसलो. घरधनी शेवटपर्यंत गप्प. मग म्हणाला, "भाई, बीजा देव क्यां गया?" बाकीचे देव कुठं गेले? त्याची म्हातारी आई एकदा स्क्रीनकडे, एकदा भिंतीकडे बघत होती. तिच्या घरचे घोडे उलट्या दिशेनं पळत होते. मी लॅपटॉप मिटला.

तेव्हापासून बडव्याचं सांगणं मी मधूनच कापत नाही. पूर्ण ठेवायला वेळ नसेल तर तो भाग घेतच नाही; लखाऱ्याचा हात आणि भिंत दाखवून थांबतो. कच्चं फुटेज सगळं पेनड्राइव्हवर त्या घरी देतो. तीस सेकंदांचीच रील हवी असेल त्यानं मेळ्यातल्या पाळण्याची करावी.

सरपंचाची सही म्हणजे घराची परवानगी नव्हे.

आता आवाज. ढोलाच्या समोर ऑटो गेनवर, म्हणजे आवाजाची पातळी आपोआप बदलू देत, रेकॉर्डर ठेवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. थापेला आवाज फाटतो, आणि ढोल थांबला की मागची कुजबुज उसळून वर येते. मी मॅन्युअलवर जातो, सगळ्यात जोरदार थाप मीटरवर उणे बारा डेसिबलच्या आसपास बसवतो आणि दहा पावलं मागे सरकतो. नॉइज काढायच्या नादात कोंबडा, पोरांचा कालवा पुसून टाकतात, तेही मला पटत नाही. ओसरी तशीच वाजते.

"गूढ", "आदिम" म्हणणारा जड हिंदी आवाज वर नको. गावातल्याच कुणाला राठवीत बोलू द्या. चार टेक लागतील, लागू देत. खाली उपशीर्षकं द्या.

आणि फायनल फाईल छोटी करून आधी त्या घरच्या मोबाईलवर पाठवा, क्लायंटला नंतर. क्लायंट कुरकुरतो. माझा तर दर वेळी कुरकुरतो.